ऐकतंय कोण?

दर शनिवारी दुपारी साडेतीनला सर नातीला मराठी शिकवायला बसतात. नात नऊ वर्षांची, स्टुटगार्टला. सर साताऱ्यात, आमच्याच सोसायटीत, बरोबर माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये. बाराखडी संपली, काने-मात्रे झाले आणि जोडाक्षरांपाशी गाडी अडली. "आजोबा, तुम्ही विहिरीत बसलायत का?" नातीनं विचारलं. सरांनी आवाज चढवला. पुढच्या शनिवारी आणखी चढवला. चार महिन्यांत अशी वेळ आली की 'क्ष' आणि 'ज्ञ' आमच्या अख्ख्या इमारतीला पाठ झाले. पोचत नव्हते ते फक्त स्टुटगार्टला.

मधल्या काळात उपचार चालूच होते. भाच्यानं येऊन संगणकात सापडल्या तेवढ्या आवाजाच्या पट्ट्या शंभरावर नेऊन ठेवल्या. एका दुकानात "माइक गेलाय, सर" असं निदान झालं आणि साडेसातशे रुपयांचा नवा हेडसेट घरी आला. जुना उपटला, त्याच भोकांत नवा खोचला. विहीर जागच्या जागी. शेवटी मला वर बोलावणं आलं.

मी गेलो आणि पट्ट्यांना हात न लावता माइकच्या तोंडावर नखानं टिचकी मारली.

माइकचा आवाज कमी येतोय म्हटलं की आपला पहिला हात आवाज वाढवायच्या पट्टीकडे जातो. ते स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा उलटं आहे. पाणचट आमटीत तिखट ओतलं म्हणून डाळ वाढत नाही. आवाज किती येतोय हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न असा, की तुमचं बोलणं नेमकं ऐकतंय कोण?

टिचकीची परीक्षा

ही परीक्षा फुकट आहे आणि दोन मिनिटांत होते. विंडोज असेल तर खालच्या पट्टीवरच्या स्पीकरच्या चित्रावर उजवी क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडा. त्यात खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' सापडेल. त्यातून एक जुन्या वळणाची छोटी चौकट उघडते, तिथं 'रेकॉर्डिंग'वर जा. संगणकाला ठाऊक असलेले सगळे माइक इथं एकाखाली एक मांडलेले असतात आणि चालू असलेल्या प्रत्येकासमोर रेघांची एक छोटी शिडी असते. आवाज झाला की रेघा खालून वर हिरव्या होत जातात.

आता खोली शांत करा, पंखा बंद करा आणि हेडसेटच्या माइकवर नखानं हलकी टिचकी मारा. त्याच्यासमोरची शिडी उसळली तर माइक जिवंत आहे. दुसऱ्याच कुणाची तरी शिडी उसळली तर चोर सापडला. एकेका घरात तीन-तीन, चार-चार माइक निघतात: लॅपटॉपच्या पडद्याच्या चौकटीतला, वेबकॅमच्या पोटातला, हेडसेटचा, कधीतरी जोडून विसरलेल्या ब्लूटूथ इअरफोनचा. तुम्ही तोंडाशी माइक धरून बसलेले असता आणि संगणक ऐकत असतो दोन हातांवरच्या वेबकॅमकडून. असं असेल तर हव्या त्या माइकवर उजवी क्लिक करून त्याला 'डिफॉल्ट' करा. इथं डिफॉल्ट दोन असतात, एक सर्वसाधारण कामाचा आणि एक संभाषणाचा. दोन्ही मान एकालाच द्या म्हणजे भांडण मिटलं.

सरांकडे यादीत एकच माइक होता. मी माइकच्या दांडीवर टिचकी मारली. शिडी ढिम्म. टेबलावर मारली. ढिम्म. सर म्हणाले, "अरे, मेलाच आहे तो. नवा घेऊनसुद्धा मेला." त्यांनी वैतागून हेडसेट डोक्यावरून काढला, त्यांचा अंगठा कानावरच्या गादीला लागला, आणि शिडी टुणकन वर गेली.

मी गादीवर मुद्दाम टिचकी मारली. पुन्हा वर. दांडीवर मारली. काही नाही.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही चार महिने माइकमध्ये बोलतच नव्हता. स्वतःच्या कानात बोलत होता."

भोंगा उलटा केला की माइक

कानावरच्या गादीत एक चिमुकला स्पीकर असतो: पातळ पडदा, त्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं आणि मागे चुंबक. वेटोळ्यात वीज सोडली की पडदा हलतो आणि आवाज निघतो. हाच प्रकार उलटाही चालतो. पडद्यावर आवाज आदळला की वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि त्यात इवलीशी वीज तयार होते. स्टेजवरचा दणकट डायनॅमिक माइक याच तत्त्वावर चालतो. इंटरकॉमच्या अनेक जुन्या पेट्यांत एकच स्पीकर बोलायला आणि ऐकायला वापरत असत. बटण दाबलं की तो माइक, सोडलं की भोंगा.

सरांच्या हेडसेटला दोन पिना होत्या. एक माइकची, एक कानाची. दोन्ही काळ्या, वर टाचणीच्या टोकाएवढी चित्रं. दिवाळीच्या साफसफाईत संगणकाचा डबा पुढे ओढला गेला, पिना निघाल्या आणि परत लावताना अदलाबदल झाली. कानाची पिन माइकच्या भोकात, माइकची पिन स्पीकरच्या भोकात. एरवी हे लगेच कळलं असतं, कारण कानात काही ऐकूच आलं नसतं. पण सरांच्या नव्या मॉनिटरला स्वतःचे स्पीकर आहेत. नातीचा आवाज पडद्यातून स्वच्छ येत होता आणि फोमच्या पातळ गाद्यांतून कानापर्यंत पोचत होता. कुणाला शंका येणार? आणि कानावरचा स्पीकर बिचारा नेमलेलं नसतानाही माइकचं काम जमेल तसं करत होता. म्हणून आवाज अगदी बंद नव्हता. विहिरीतून येत होता.

संगणकाच्या मागच्या भोकांना रंग असतात ते याचसाठी. मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी काढलेल्या 'पीसी ९९' नावाच्या नियमावलीनं ते रूढ केले: माइकला गुलाबी, स्पीकर-हेडफोनला पोपटी, बाहेरून येणाऱ्या 'लाइन'ला फिकट निळा. टेबलाखाली पालथं पडून मोबाइलच्या उजेडात बघितल्याशिवाय ते दिसत नाहीत ही गोष्ट वेगळी.

निळ्या भोकाचाही सापळा मोठा आहे. माइकमधून निघणारी वीज काही मिलिव्होल्टच्या घरातली. 'लाइन'ला अपेक्षा असते सुमारे ३०० मिलिव्होल्टची. म्हणजे माइक निळ्यात खोचला तर शंभरेक पटींची तूट पहिल्या पावलालाच. शिवाय हेडसेटच्या माइकला चालायला दोन-चार व्होल्टचा खुराक लागतो. तो गुलाबी भोकातून मिळतो, निळ्यातून मिळत नाही.

हा खुराक का लागतो, तर हेडसेटमधला माइक 'इलेक्ट्रेट' जातीचा असतो. १९६२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी तो घडवला. त्यात चुंबक नाही, वेटोळं नाही. विजेचा भार कायमचा मुरवलेली प्लॅस्टिकची पातळ झिल्ली असते. ती हलली की तिच्या आणि मागच्या पत्र्याच्या मधला विद्युतदाब बदलतो. हा बदल इतका नाजूक असतो की माइकच्या पोटातच त्याला हात देणारा एक ट्रान्झिस्टर बसवावा लागतो. दोन-चार व्होल्ट लागतात ते त्या ट्रान्झिस्टरला.

लॅपटॉपवाल्यांचा घोळ वेगळा. तिथं बहुधा एकच भोक असतं आणि त्याला मोबाइलच्या इअरफोनसारखी पिन लागते. पिन डोळ्यांजवळ धरून काळ्या रेघा मोजा. तीन रेघा म्हणजे चार भाग: डावा कान, उजवा कान, जमीन, माइक. दोन रेघा म्हणजे तीनच भाग. तिच्यातून कान आणि माइक दोन्ही जात नाहीत. दोन पिनांचा हेडसेट एका भोकाला लावायचा तर दोन तोंडांचा जोडक मिळतो. चार भागांच्या पिनांतही जमीन आणि माइक यांची जागा अदलाबदल केलेली एक जुनी पद्धत होती, म्हणून एखादा जुना इअरफोन नव्या लॅपटॉपवर घुम्या बसतो.

डब्याच्या पुढच्या बाजूचं भोक सोयीचं असतं, पण त्याची वायर आतून मदरबोर्डला जोडलेली असावी लागते. डबा जोडणाऱ्यानं ती विसरली की ते भोक नुसतं शोभेचं. पुढे खरखर किंवा शांतता मिळाली तर मागच्या गुलाबी भोकात लावून पाहा.

चार बोटं आणि एक हात

पिना सुधारल्या. आता माइक खरंच ऐकत होता. तरी सरांना मी आणखी एक गोष्ट करायला लावली: दांडी वाकवून माइक ओठांच्या कोपऱ्यापाशी आणायला. ती हनुवटीच्या खाली लोंबत होती.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातली लहर. समोरासमोर बसून बोलताना एक मीटरवर ही लहर साधारण ०.०२ पास्कलची असते. आपल्याभोवतीच्या हवेचा दाब एक लाख पास्कलच्या वर. म्हणजे माइकला एकूण दाबातला पन्नास लाखावा भाग टिपायचा असतो. एवढ्या तुटपुंज्या भांडवलात अंतराची उधळपट्टी परवडत नाही.

हिशेब सोपा आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की लहर निम्मी होते. तंत्रज्ञांच्या भाषेत ६ डेसिबलची घट. माइक तोंडापासून चार बोटांवर, म्हणजे साडेसात सेंटिमीटरवर आहे असं धरा. पंधरावर नेला तर निम्मा, तीसवर पाव, आणि खुर्चीत मागे रेलून साठवर गेलात तर अष्टमांश. एकूण १८ डेसिबल गेले, आणि तेही वायर सुरू व्हायच्या आधी. पुढची कुठलीही पट्टी ही तूट फुकट भरून देत नाही.

बंद खोलीत आणखी एक भर पडते. भिंती, फरशी, काचेचं कपाट यांच्यावरून आवाज परततो. हा परतलेला आवाज खोलीभर जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. तोंडाजवळच्या माइकला थेट आवाज भरपूर आणि परतलेला नगण्य. लांबच्या माइकला थेट आवाज कमी पडतो आणि परतलेला मात्र तेवढाच. त्या मिश्रणाला आपण 'विहीर' म्हणतो. त्यामुळे पलीकडचा माणूस "विहिरीतून येतोय" म्हणाला तर बहुतेक वेळा अर्थ एकच: माइक तुमच्यापासून लांब आहे, किंवा ऐकतोय तो दुसराच कुणीतरी. पडदे, गादी, कपड्यांचं उघडं कपाट यांनी विहीर बरीच भरून निघते. घरी कथा रेकॉर्ड करणारे लोक कपाटात तोंड घालून वाचतात ते उगाच नव्हे.

अंतराबरोबर तोंड कुणीकडे आहे तेही बघा. टेबलावर उभे करायचे बरेच यूएसबी माइक आईस्क्रीमच्या कोनासारखे दिसतात, म्हणून लोक वरून बोलतात. त्यातल्या पुष्कळांचे कान पोटावर, म्हणजे कंपनीचं नाव छापलेल्या बाजूला असतात. वरून बोलणं म्हणजे माणसाच्या टाळूशी गप्पा मारणं. माइक सरळ उभा ठेवा आणि छापलेली बाजू तोंडाकडे करा.

लॅपटॉपच्या माइकचा कान तर सुईच्या भोकाएवढा असतो, बहुधा कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना. कॅमेऱ्यावरची सरकती झाकणी, पडद्याचा गार्ड किंवा नुसती धूळ त्यावर बसली की आवाज गुदमरतो. कोरड्या मऊ ब्रशनं साफ करा. टाचणी घालू नका, आतला माइक भोकाच्या लगेच मागे असतो. दोन भोकं असतील तर लॅपटॉप दोघांचं ऐकून समोरचा आवाज ठेवतो आणि बाजूचा दाबतो. म्हणून पडद्यासमोर बसलेल्या सुनेचा आवाज खणखणीत आणि शेजारच्या सोफ्यावरच्या सासूबाईंचा दबलेला, असं होतं.

मग पट्ट्या

एवढं झाल्यावर पट्ट्यांकडे यायचं. त्या तीन ठिकाणी असतात आणि आवाज त्यांतून एकामागून एक जातो.

पहिली माइकवरच. हेडसेटच्या वायरवर एक छोटी चकती किंवा बटण असतं. खिशात, मांडीखाली दबून ते फिरलेलं असतं. ते आधी बघा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी विंडोजची. त्याच 'रेकॉर्डिंग'च्या यादीत माइकवर दोनदा क्लिक करा आणि 'लेव्हल्स'वर जा. वरची पट्टी शून्य ते शंभर. तिच्याखाली, गुलाबी भोकात लावलेल्या माइकसाठी, बऱ्याचदा 'मायक्रोफोन बूस्ट' असते: १०, २०, ३० डेसिबल. ही पट्टी ताकदवान आहे. २० डेसिबल म्हणजे दसपट, ३० म्हणजे तीसपटीहून थोडं जास्त. आधी वरची पट्टी ऐंशी-नव्वदवर ठेवा, मग बूस्ट एकेक पायरी चढवा. यूएसबी माइकला स्वतःचं साउंडकार्ड पोटातच असतं, त्यामुळे तिथं बूस्ट बहुधा दिसतच नाही.

बूस्टची किंमत अशी, की ती बोलणं आणि कचरा यांत भेद करत नाही. पंख्याची घरघर, सर्किटची स्वतःची सळसळ, खालच्या रस्त्यावरची रिक्षा, सगळं तीसपट. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं तर बोलणं दुप्पट होतं आणि पंखा होता तेवढाच राहतो. संपूर्ण साखळीत ही एकच जागा अशी आहे जिथं बोलणं वाढतं आणि कचरा वाढत नाही.

तिसरी पट्टी ॲपची. झूम, मीट किंवा जे काही वापरता त्याच्या ऑडिओच्या सेटिंगमध्ये माइकची निवड पुन्हा वेगळी असते. विंडोजनं काहीही ठरवलेलं असो, ॲप गेल्या महिन्यातल्या माइकलाच धरून बसलेलं असू शकतं. शिवाय यांपैकी अनेकांत आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय असते. तुम्ही हसलात, टेबलावर हात आपटला, कुत्रा भुंकला की ती झटकन आवाज खाली ओढते आणि मग सावकाश वर येते. सुरुवातीला ठीक आणि मग अचानक खोल, अशी तक्रार असेल तर माइकची आपोआप पातळी ठरवणारी खूण काढून पाहा.

गोंगाट दाबण्याची सोयही अशीच दुधारी आहे. सलग चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं तिचं गणित. ऑनलाइन गाणं शिकवणाऱ्यांना याचा चांगलाच अनुभव आहे: तानपुरा हा तिच्या लेखी पंखाच. शिष्याला बाई दिसतात, तानपुरा छेडताना दिसतो, सूर मात्र विरून जातो. लांबवलेला षड्जही मध्येच खचतो. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' नावाची सोय आहे. ती लावली की सफाई कामगार रजेवर जातात. इतर ॲपमध्ये गोंगाट दाबण्याची सोय शोधून बंद करायची.

विंडोजमध्ये एक सेटिंग आहे जिच्यावर विनाकारण आळ येतो. 'कम्युनिकेशन्स' या पानावर 'इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करा' असा पर्याय असतो. तो तुमच्या माइकला हात लावत नाही. कॉल चालू असताना गाणी, व्हिडिओ वगैरे बाकीचे आवाज दाबतो. उलट 'प्रायव्हसी'तली माइकची परवानगी बंद असेल तर आवाज कमी येत नाही, अजिबातच येत नाही. कमी आणि शून्य यांचे रोग वेगळे.

मॅकवर हे सगळं 'सिस्टम सेटिंग्ज'मधल्या 'साउंड'च्या 'इनपुट'मध्ये एका ठिकाणी मिळतं: माइकची यादी, पट्टी आणि हलणारी शिडी. टिचकीची परीक्षा तिथंही तशीच.

तक्रारीचे शब्द

डॉक्टर विचारतात, कळ येते की ठणकतं? पलीकडच्या माणसाला तसंच विचारा. "कमी येतोय" एवढ्यावर निदान होत नाही.

"गुणगुण येतेय आणि त्यामागे तुम्ही." ही घरातली वीज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि अर्थिंग नसलेल्या प्लगमधून, लॅपटॉपच्या चार्जरमधून ते हेलकावे माइकच्या वायरीत शिरतात. चार्जर काढून दोन मिनिटं बॅटरीवर बोला. गुणगुण थांबली तर चोर चार्जर किंवा तो ज्या बोर्डाला लावलाय तो.

"टेलिफोनवरून बोलल्यासारखं वाटतंय, 'स' कळत नाही." हा ब्लूटूथ. ब्लूटूथ हेडफोन गाणी छान वाजवतो, पण त्याचा माइक सुरू झाला की तो दुसऱ्या, अरुंद वाटेनं जातो. जुन्या पद्धतीत ही वाट सेकंदाला ८,००० नमुन्यांची, म्हणजे ४,००० हर्ट्झच्या वरचं काही जातच नाही. 'स'ची शीळ मुख्यत्वे त्याच्या वरची. नव्या यंत्रांत नमुने १६,००० होतात आणि फरक कानाला कळतो. तरी घरी बसून शिकवायचं असेल तर वायरचा साधा हेडसेट अजूनही सरस.

"फाटतोय." हा कमीचा नव्हे, जास्तीचा रोग. भांड्याच्या काठावरून सांडतं तसं. संगणकाला मोजता येईल त्याहून मोठी लहर आली की तिचे शेंडे सपाट कापले जातात आणि कापलेले शेंडे नंतर परत येत नाहीत. मोठ्यानं बोलतानाही शिडीच्या वरच्या एक-दोन रेघा मोकळ्या राहतील एवढंच चढवा.

"खूप लांबून, पण स्वच्छ." विहीर नाही, गुणगुण नाही, नुसता लहान. अशा वेळी माइकची जात तपासा. भजनी मंडळाचा किंवा कराओकेचा माइक मोठ्या पिनेला जोडक लावून संगणकात खोचणारे पुष्कळ आहेत. तो असतो डायनॅमिक. एवढ्याच आवाजाला तो इलेक्ट्रेटच्या साधारण पाचवा हिस्सा वीज देतो. त्याचं घर ॲम्प्लिफायर. संगणकाशी बोलायचं तर मध्ये यूएसबीवर चालणारा ऑडिओ इंटरफेस हवा. स्टुडिओतले मोठे कंडेन्सर माइक तर ४८ व्होल्ट मिळाल्याशिवाय सहसा तोंडच उघडत नाहीत.

आणि या सगळ्याची तपासणी करताना दोन पथ्यं. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही. आणि समोरच्याला "आता येतोय का? आता?" असं विचारत बसू नका, मधलं इंटरनेट आणि पलीकडचे स्पीकर यांची गडबड त्यात मिसळते. विंडोजच्या रेकॉर्डरमध्ये एकच ठरलेलं वाक्य दर बदलानंतर बोला आणि स्वतः ऐका. सगळं करूनही दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या भोकात तोच माइक तसाच मंद असेल, तेव्हाच तो गेला असं म्हणा. ड्रायव्हर पुन्हा टाकणं, नवा माइक आणणं ही औषधं सगळ्यात खालच्या फळीवरची.

साडेतीन

सरांच्या पिना बदलल्यावर मी म्हटलं, "बोला सर काहीतरी." सरांनी "बोलतो!" एवढंच म्हटलं आणि शिडी खालपासून वरपर्यंत भरून वरच अडकली. रेकॉर्ड केलेलं वाजवलं तर फाटक्या कर्ण्यासारखा आवाज. साहजिकच होतं. भाच्यानं चढवलेली ३० डेसिबलची बूस्ट कानातल्या स्पीकरसाठी लावली होती. आता खरा माइक तिच्या तावडीत सापडला होता. बूस्ट १०वर आणली, वरची पट्टी ऐंशीवर. दांडी ओठांच्या कोपऱ्यापाशी, समोर नको. 'प', 'फ', 'भ' म्हणताना तोंडातून निघणारा वाऱ्याचा झोत थेट माइकवर आदळतो आणि धप्प वाजतं. शिडी मधोमध हलायला लागली. शेवटी मी घरून लाल आणि हिरव्या नेलपॉलिशच्या बाटल्या मागवल्या आणि दोन्ही पिनांवर आणि दोन्ही भोकांशेजारी एकेक ठिपका दिला. लाल माइकचा, हिरवा कानाचा.

मी थांबलो, कारण साडेतीन वाजत आले होते. नात पडद्यावर आली. सरांनी सवयीनं छाती भरून घेतली. गावातल्या शाळेत पस्तीस वर्षं माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोचवलेला माणूस. त्यात गेले चार महिने तो बाक स्टुटगार्टला होता.

"चला! आज 'ज्ञ'!"

पलीकडे नातीनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"आजोबा, ओरडताय का? मी इथेच आहे."

सर थबकले. माझ्याकडे बघितलं, पट्टीकडे बघितलं. मी पट्टीला हात लावला नाही. मग त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली आणि, बहुधा चार महिन्यांत पहिल्यांदाच, नातीशी बोलतात तसं बोलायला सुरुवात केली. खाली घरी आल्यावर मी कान देऊन पाहिलं. वरून काहीच ऐकू येत नव्हतं.